बार्शी लाईटच्या छोट्या गाडीच्या आठवणी

प्रश्न: आमचे आजोबा आषाढीला बार्शीहून ज्या छोट्या गाडीने पंढरपूरला जात, ती बार्शी लाईट रेल्वे कधी व कशी सुरू झाली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांवर बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, अशी ती सुरू केली, पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली.

उत्तर: कोळशाचा कण डोळ्यात गेला की आई पदराचा बोळा करून त्यावर फुंकर घाली आणि तो माझ्या डोळ्यावर ठेवी, ती ऊब अजून आठवते.

उत्तर: रूळ रुंद झाल्याने सोय झाली हे खरे, परंतु त्या शिट्टीवर आमच्या घरातले घड्याळ लावले जाई.