इजिप्तचा नाग राखणदार की वैरी? प्रदर्शनासाठी नेमकी माहिती हवी

घडीव:
शाळेच्या इतिहास दालनात प्राचीन इजिप्तचा एक कोपरा लावायचा आहे. तीन वस्तू ठरल्यात: फराओच्या कपाळावरचा नाग, घरात ठेवायचे मातीचे नाग आणि अपेप नावाच्या महासर्पाला मारायचा विधी. एकीकडे साप राजाचा राखणदार, दुसरीकडे सूर्याचा वैरी, तर बघणाऱ्याला फरक कसा दाखवायचा? विधीचा क्रम काय होता? आणि मेणाचा साप मुलांसमोर जाळून दाखवता येईल का?

शिलालेखवेडा:
फरक ठेवणीत दाखवा. राखणदार नाग नेहमी उभा, फणा काढून समोर बघणारा. अपेप आडवा, वळसे घेत पसरलेला आणि अंगात सुऱ्या खुपसलेल्या. या सुऱ्या नक्षी म्हणून काढू नका. काढलेलं चित्र जिवंत होऊ शकतं अशी तिथली पक्की समजूत, म्हणून वैरी धडधाकट काढायचाच नाही. हीच धास्ती लिपीतही दिसते: मध्य साम्राज्य या कालखंडाच्या (सुमारे इ.स.पू. २०००–१६५०) उत्तरार्धातल्या काही शवपेट्यांवर शिंगवाल्या फुरशाचं अक्षरचिन्ह मधोमध तुटलेलं असं रेखाटलेलं आहे, म्हणजे मृताच्या शेजारी अख्खा साप नको.

दोन्ही साप एकाच चित्रात हवे असतील तर ‘अम्दुआत’चा, म्हणजे सूर्याच्या रात्रीच्या बारा प्रहरांच्या प्रवासाचं वर्णन करणाऱ्या ग्रंथाचा, सातवा प्रहर घ्या. राजांच्या दरीतल्या तिसऱ्या थुटमोस या फराओच्या थडग्यात (क्रमांक केव्ही ३४) तो भिंतीवर आहे, आकृत्या काडीमाणसांसारख्या असल्यानं मुलांनाही जमतील. रात्रीच्या प्रवासात सूर्यदेव रेची नौका अपेपच्या वाळूच्या बेटाशी येते. मजकुरात या बेटाची लांबी ४४० हात आणि रुंदीही ४४० हात दिली आहे. नौकेच्या नाळेवर उभी राहून इसिस देवी मंत्र टाकते. खाली सेरकेत देवी अपेपच्या मानेला दोर आवळते, शेपटीकडे दुसरा देव उभा. आणि त्याच वेळी रेच्या डोक्यावर मेहेन हा साप छतासारखा वाकून त्याची राखण करतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका पट्टीतच आहे.

एक हमखास होणारी चूक: आपल्याकडचे चित्रकार सवयीनं फणीवर दहाचा आकडा काढतात. तो आपल्या नागाचा. इजिप्तच्या नागाच्या फणीवर तसं काही नसतं. मुकुटासाठी नमुना म्हणून इजिप्तमधल्या लाहुनला १९२० साली सापडलेला दुसऱ्या सेनुसरेत या फराओचा सोन्याचा नाग बघा. उंची जेमतेम ६.७ सेंमी, डोकं निळ्या लाजवर्दाचं, फणीत रंगीत खड्यांची जडणी. नाटकवाले वीतभर लांब करतात, ते टाळा.

मेणवात:
अपेपच्या विधीचा सविस्तर मजकूर ब्रेमनर-ऱ्हिंड पपायरसमध्ये (पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेला कागद) आहे. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि प्रत इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरची. त्यातली मुख्य कामं अशी: अपेपवर थुंकणं, डाव्या पायानं तुडवणं, भाल्यानं भोसकणं, बांधणं, सुरीनं कापणं, आगीत टाकणं. प्रत्येकाचा वेगळा मंत्र. आकृती दोन तऱ्हेनं करायची: कोऱ्या पपायरसवर हिरव्या शाईनं काढलेली आणि मेणाची, तिच्यावरही नाव हिरव्या शाईनंच. सूर्योदय, दुपार, सूर्यास्त आणि रात्रीचे ठरावीक प्रहर अशा वेळा सांगितल्या आहेत. आभाळात वादळ दाटलं तरी हाच उपाय. थोडक्यात, अपेप एकदा मारून संपत नाही. म्हणून विधीही रोजचा.

फलकावर ‘अपेपची पूजा’ असं चुकूनही लिहू नका. त्याला ना देऊळ ना नैवेद्य.

आता करायचं कसं. २५ सेंमी लांब आणि २ सेंमी जाड सापाला सुमारे ७५ ग्रॅम मधमाश्यांचं मेण लागतं. वितळवून ओतू नका. ४०–४५ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि हातानं वळा. पॅराफिनचं मेण घेतलंत तर वळसा देताना तडकेल. नाव रंगानं लिहायला गेलात की पाण्याचा रंग मेणावर थेंब होऊन गोळा होतो, म्हणून सुईनं कोरा आणि खाचेत हिरवा तेलखडू घासून वरचा पुसून घ्या. नावाच्या शेवटी येणाऱ्या सापाच्या चिन्हातही सुऱ्या दाखवा.

मुलांसमोर जाळू नका. पेटलेल्या मेणावर कुणी घाबरून पाणी ओतलं तर भडका उडतो. गरम पाण्याच्या भांड्यावर ताटली ठेवून त्यात मऊ होऊ द्या. मेण ६२–६४ अंशांना वितळतं, आकार कसा ढासळतो ते छान दिसतं आणि ज्योतही लागत नाही.

कुंभारवाडा:
मातीच्या नागांबद्दल. नव्या साम्राज्याच्या काळातला (सुमारे इ.स.पू. १५५०–१०७०) एक लेख खापरावर आहे (ऑस्ट्राकॉन गार्डिनर ३६३). रात्री छळायला येणाऱ्या भुताखेतांवर उपाय म्हणून शुद्ध मातीचे चार नाग करायचे, त्यांच्या तोंडात ज्वाला, आणि झोपायच्या खोलीच्या चार कोपऱ्यांत एकेक ठेवायचा. अमार्नासारख्या वस्त्यांमध्ये मातीचे असे नाग सापडले आहेत, बरेचसे तुटके. म्हणून एकच नाग मांडलात तर अर्थच निघून जातो. जमिनीवर चौकोन आखा, मधे चटई, कोपऱ्यांत चार नाग, तोंडं बाहेर.

शाडूनं होईल, पण भाजायचा नसेल तरच, आणि त्यात बारीक कातरलेला काथ्या घाला. भाजायचा असेल तर कुंभाराच्या मातीत पाचवा हिस्सा चाळलेली वाळू. उंची १२–१५ सेंमी पुरे. तडा नेहमी मानेला जातो, कारण पातळ फणी आधी सुकून आकसते आणि जाड बूड ओलंच राहतं. फणी ८–१० मिमी ठेवा, बूड खालून पोकरा, वरून ओलं फडकं टाकून चार-पाच दिवस सावलीत सुकवा. ज्वालेसाठी वात नको, लाल रंग पुरे. फराओच्या कपाळावरचा नागही शत्रूवर आगच थुंकतो अशी कल्पना होती.

घडीव:
फार उपयोगी! शेपूट तोंडात धरलेल्या सापाचं चित्रही कुणी सुचवतंय, ‘अमरत्वाचं प्रतीक’ म्हणून. लावू का?

शिलालेखवेडा:
लावा, पण ती ओळ काढून टाका. असा साप पहिल्यांदा ठळक दिसतो तो तूतांखामुनच्या सोनेरी मखरावर, इ.स.पू. चौदाव्या शतकात. तिथे उभ्या देहाच्या डोक्याभोवती एक आणि पायांभोवती एक अशी दोन कडी आहेत. काम वेढून राखण्याचं, म्हणजे मेहेनच्याच जातीचं. सुट्टं गोल चिन्ह म्हणून फलकावर टाकलंत तर तो देह गळतो, आणि कडी होती ती त्याच्यासाठी.

मेणवात:
अवांतर, पण थुंकीचा धागा सुटू नये. इटलीतल्या तुरिनच्या संग्रहालयातल्या पपायरसमधल्या कथेत म्हाताऱ्या रेची लाळ जमिनीवर गळते. इसिस ती मातीत मळून साप घडवते, तो रेला चावतो आणि विषाच्या वेदनेत त्याला आपलं गुप्त नाव सांगावं लागतं. कथेखाली वापरायची रीतही दिली आहे: रुग्णाच्या हातावर देवांच्या आकृत्या काढायच्या आणि त्यानं त्या चाटायच्या. कुंभारवाडा यांच्या चार नागांशेजारी ही कथा लावली तर माती आणि थुंकी दोन्हीकडे दिसतील. हात चाटण्याचा भाग मात्र फलकावरच ठेवा, नाहीतर मुलं स्केचपेननं करून बघतील.