सीट धुण्याआधी कार्पेटखाली बघा
पावसाळ्यात कारमध्ये येणारा कुबट वास सीटला शाम्पू करूनही गेला नाही तर सीट पुन्हा धुवा, असं दोघातिघांनी सुचवलंय. मला ते पटत नाही. पाणी जितकं जास्त तितका वास मुरतो. इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस खाऊन घरची मंडळी ओल्या बुटांनी गाडीत बसली की पाणी मॅटवरून कार्पेटखाली उतरतं. तिथे फोमचा जाड थर असतो. वरून हात लावला तर कोरडं, आत चिंब. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी हळूच वर ओढली की क्लिपा सुटतात आणि कार्पेटची कड उचलता येते. खाली वर्तमानपत्राच्या घड्या दाबा, दारं उघडी ठेवून पंखा लावा, शाम्पूचं नंतर बघू. (पुढच्या डाव्या सीटच्या पायाशीच पाणी असेल तर बूट निर्दोष, एसीचं पाणी बाहेर सोडणारी ड्रेन नळी तुंबलीय का ते तपासा.)

गाडी बाहेरून धुण्याबद्दल एवढंच, बोअरच्या पाण्याने भर उन्हात धुऊ नका. क्षारांचे पांढरे ठिपके गडद रंगावर लगेच दिसतात. पाणी वाळायच्या आत मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्या.