₹ उमटत नाही: ऑल्ट कोड पाठ करावेत की कळफलकाची मांडणी बदलावी?

टंकनिका
भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपच्या ४ या कळीवर ₹ छापलेले असते, तरीही उजवी ऑल्ट आणि ४ एकत्र दाबल्यावर पडद्यावर काहीच उमटत नाही, अशी तक्रार वारंवार कानी येते. त्यावर ऑल्ट धरून आकडे टंकण्याचा, म्हणजे ऑल्ट कोडचा, उपाय सर्रास सुचवला जातो. तो सुचवणे आता थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कळीवर काय छापले आहे याच्याशी विंडोजला काही देणेघेणे नसते. कोणत्या कळीने कोणते अक्षर उमटायचे, हे निवडलेली मांडणी ठरवते. मांडणी अमेरिकी इंग्रजीची असेल तर त्या जोडीने ₹ मिळणार नाही, ब्रिटिश इंग्रजीची असेल तर चक्क युरोचे चिन्ह येईल, आणि 'इंग्रजी (भारत)' असेल तर ₹ येईल. भाषेच्या सेटिंगमध्ये ही मांडणी एकदा जोडली की प्रश्न मिटतो. डावी ऑल्ट वापरायची असेल तर सोबत कंट्रोलही दाबावी लागते, आणि बरेच जण नेमके तिथेच अडतात.

खतावणी
असहमत. हा उपाय ज्याचे यंत्र स्वतःचे आहे त्याच्यासाठी ठीक आहे. आमच्याकडे एकाच संगणकावर पाळीपाळीने वेगवेगळी माणसे बसतात. तिथे एकाने मांडणी बदलली की दुसऱ्याचे काम अडते. उलट ऑल्ट धरून आकड्यांच्या पॅडवर ०१७६ टंकले की अंशाचे चिन्ह (°) येते, आणि त्यासाठी कोणतेही सेटिंग उघडावे लागत नाही. सुरुवातीचे शून्य मात्र गाळू नये. नुसते १७६ टंकले तर डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या जुन्या चिन्हसंचातला ठिपक्यांचा ठोकळा उमटतो.

टंकनिका
आपले उदाहरण अंशाचे आहे, माझा प्रश्न रुपयाचा होता. शून्याने सुरू होणारे कोड विंडोजच्या २५६ जागांच्या जुन्या संचातून अक्षर उचलतात, आणि रुपयाचे चिन्ह भारत सरकारने स्वीकारले जुलै २०१० मध्ये, म्हणजे तो संच ठरून गेल्यावर कितीतरी वर्षांनी. युनिकोडमधला, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना व चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संचातला, त्याचा क्रमांक ८३७७ आहे. ऑल्टसह तो टंकला तर वर्डमध्ये ₹ येते; पण अनेक प्रोग्रॅम त्या संख्येला २५६ ने भागून उरलेली बाकी, म्हणजे १८५, तेवढी घेतात आणि ╣ असा दुहेरी रेघांचा तुकडा दाखवतात. शिवाय तेरा-चौदा इंची लॅपटॉपला आकड्यांचा पॅड बहुधा नसतोच, आणि वरच्या ओळीतले आकडे ऑल्ट कोडसाठी चालत नाहीत. पाठ केलेला कोड त्या यंत्रावर कुठे टंकायचा?

दोन_मांडण्या
मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. आम्ही मराठी टंकणारे लोक विंडोज कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी अशी ये-जा दिवसभर करत असतो. त्यात तिसरी मांडणी घुसली की प्रत्येक वेळी एक थांबा वाढतो आणि अर्धे वाक्य भलत्याच लिपीत जाते (हा वैताग ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल). त्यापेक्षा विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज कळ व पूर्णविराम दाबल्यावर इमोजींची जी चौकट उघडते, तिच्यातला चिन्हांचा विभाग वापरावा. चलनाची चिन्हे तिथे आयती मिळतात.

टंकनिका
तिसरी मांडणी ठेवायची गरजच नाही. 'इंग्रजी (भारत)' जोडल्यावर अमेरिकी मांडणी यादीतून काढून टाकावी. बाकीच्या कळा इंग्रजी टंकताना जागच्या जागीच राहतात, त्यामुळे बोटांना नवे काही शिकावे लागत नाही.

खतावणी
बोटांना नाही, पण शॉर्टकटना लागते. या मांडणीत उजवी ऑल्ट म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र, त्यामुळे ज्या प्रोग्रॅमचे स्वतःचे शॉर्टकट कंट्रोल-ऑल्टवर बेतलेले आहेत त्यांच्याशी तिची टक्कर होऊ शकते. आणि हिशेबाच्या तक्त्यात तर ₹ टंकूच नये. रकान्याला चलनाचे स्वरूप द्यावे, म्हणजे चिन्ह आपोआप दिसते आणि आकडा आकडाच राहतो.

टंकनिका
तक्त्यापुरते मान्य. मात्र निविदेच्या मसुद्यात किंवा पत्रात रकाना नसतो, आणि माझे बहुतेक काम तिथलेच आहे.