सोसायटी ग्रुप: मेल आर्ट प्रदर्शनासाठी कोण कोण पाठवतंय?

मीनल ४०२: मंडळी, एका संग्रहालयाने मेल आर्ट प्रदर्शनासाठी कामं मागवली आहेत. विषय 'दार'. पोस्टकार्डाच्या मापात काहीही चालेल: चित्र, कोलाज, रबरी शिक्के, शिवणकाम. फी नाही, परीक्षक नाहीत, येईल ते सगळं भिंतीवर लागणार. आपल्यातल्या कोणाकोणाला पाठवायचंय?

सचिव: सोसायटीच्या नावाने जाणार असेल तर आधी कमिटीत ठेवावं लागेल.

मीनल ४०२: नाही हो काका, ज्याचं त्याने आपापल्या नावाने.

सचिव: मग हरकत नाही. पार्किंगचा विषय तेवढा वर राहू द्या.

रोहन १०३: फोटो काढून मेल केला तर?

मीनल ४०२: नाही रे. पोस्टातूनच जायला हवं, तिकीट लावून. वाटेत जे शिक्के पडतील, कोपरे दुमडतील, ते सगळं त्या कामातच धरतात.

सुनंदाकाकू २०१: परत कधी मिळतं?

मीनल ४०२: परत मिळत नाही काकू. संग्रहालयाकडेच राहतं. सहभागी झालेल्या प्रत्येकाला यादी किंवा कॅटलॉग पाठवतात, तेवढंच.

सुनंदाकाकू २०१: म्हणजे माझा जलरंग गेला तो गेलाच. वर निवडही नाही. कोणीही रेघोट्या ओढून पाठवणार आणि त्याच्या शेजारी माझं लागणार. यात मान कसला?

मीनल ४०२: काकू, तो मान नकोच म्हणून तर हे सुरू झालं. न्यूयॉर्कचा कलाकार रे जॉन्सन ओळखीपाळखीच्यांना चित्रं, कात्रणं पाठवायचा आणि लिहायचा, यात भर घाला आणि पुढे अमक्याला पाठवा. १९७० साली व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शन झालं तेव्हाही त्याने लोकांना थेट संग्रहालयाच्या पत्त्यावर पाठवायला सांगितलं, आणि आलेलं लावलं. पुढे १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्याच फ्रँकलिन फर्नेस या कलासंस्थेत एका प्रदर्शनात काही कामं वगळली गेली, तर मेल आर्टवाल्यांनी केवढा गदारोळ केला! त्यांच्यात परीक्षक बसवणं हाच मोठा अपराध.

रोहन १०३: मग मला चित्र येत नसलं तरी चालेल?

मीनल ४०२: ऑन कावारा नावाचा जपानी चित्रकार १९६८ ते १९७९ रोज दोन चित्रपोस्टकार्डं मित्रांना पाठवायचा. त्यावर रबरी शिक्क्याने आज किती वाजता उठलो एवढंच. आज त्यांना संग्रहालयांत जागा आहे.

रोहन १०३: माझी वेळ बघून संग्रहालयवाले कार्ड परत पाठवतील 😄

नाना ००२: पोस्टात जन्म गेला म्हणून बोलतो. पत्ता शाईच्या पेनाने लिहू नका, चार थेंब पडले की धुऊन जातो. मणी, बटणं, जाड गोंद टाळा. सॉर्टिंगच्या यंत्रात रुळांमध्ये अडकतं आणि तुमच्याबरोबर दुसऱ्याची पत्रंही फाटतात. पत्त्याच्या बाजूची खालची पट्टी कोरी सोडा, बऱ्याच ठिकाणी यंत्र तिथे बारकोड छापतं. चमकी तर मुळीच नको, ती सगळ्या पोतडीत पसरते.

मीनल ४०२: नाना, स्वतः बनवलेलं तिकीट चिकटवलं तर? मेल आर्टवाले करतात.

नाना ००२: करा, पण खऱ्या तिकिटापासून लांब, आणि खरं तिकीट पूर्ण किमतीचं लावा. नाहीतर कार्ड बुडीत, किंवा घेणाऱ्याला दंड.

मीनल ४०२: तुम्हाला आवडेल असं एक सांगते. बेन वोतिए नावाच्या फ्रेंच कलाकाराने १९६५ मध्ये एक पोस्टकार्ड केलं, दोन्ही बाजू सारख्याच. दोन्हीकडे पत्त्याच्या ओळी आणि तिकिटाची जागा. दोन बाजूंना दोन वेगळे पत्ते लिहायचे, कुठे पोचवायचं ते पोस्टमनने ठरवायचं.

नाना ००२: ही कला नव्हे, पोस्टमनचा छळ आहे.

सचिव: नानांशी सहमत.

देशमुख ५०१: गंमत ठीक आहे, पण संग्रहालयाने यात एवढं काय बघितलं?

मीनल ४०२: काका, नुसती गंमत असती तर कोणी तुरुंगात गेलं नसतं. उरुग्वेत लष्करी राजवट असताना १९७७ मध्ये क्लेमेंते पादिन या मेल आर्ट कलाकाराला याच कामांपायी आत टाकलं. मग देशोदेशींच्या मेल आर्टवाल्यांनी त्यांच्या सुटकेसाठी पत्रांचा मारा केला. जिथे गॅलरीची दारं बंद होती, तिथे पाकिटं जात होती.

देशमुख ५०१: हं. मला पत्ता पाठव.

मीनल ४०२: वैयक्तिक पाठवते. शेवटची तारीख ही पोचण्याची आहे, टाकण्याची नाही, त्यामुळे वेळ हातात ठेवून टाका. आणि टाकण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

सुनंदाकाकू २०१: जलरंग पाकिटात घालून पाठवला तर सांभाळून जाईल ना?

मीनल ४०२: जाईल, तसं चालतंही. पण मग शिक्का पाकिटावर पडणार, चित्र कोरं ते कोरंच.

सुनंदाकाकू २०१: मग मोठं चित्र घरातच राहू दे. कार्डावर दार नुसतं पेन्सिलने काढते आणि त्याचं कुलूप काढतच नाही, तिथे शिक्का पडू दे. नाना, शिक्का केवढा असतो हो?

नाना ००२: साधारण अडीच-तीन सेंटिमीटर धरा. पण तो तिकिटावरच मारतात, तेव्हा कुलपाच्या जागी तिकीट लावा. पेटीत टाकू नका, काउंटरवर जाऊन हाताने मारून मागा. आणि जागा दुप्पट सोडा, मारणारा घाईत असतो.