डेडलिफ्ट 180 किलोला जमिनीवरून सुटतच नाही, स्पर्धा 6 आठवड्यांवर

रॅकवाला: जिल्हा पॉवरलिफ्टिंग 6 आठवड्यांवर आली आहे. डेडलिफ्टला (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं) 175 किलो निघतं, 180 जागचं हलत नाही. एकदा गुडघ्याच्या वर आलं की पुढे काही त्रास नाही. बेल्ट आहे. कृपया "फॉर्म सुधार" एवढंच सांगू नका.

बिडाची_प्लेट: वजनगट? कन्व्हेन्शनल (पाय जवळ, हात पायांच्या बाहेर) की सुमो (पाय फाकवून, हात आत)? बूट कोणते? प्लेटचा व्यास किती?

रॅकवाला: 83 किलोचा गट, कन्व्हेन्शनल, रनिंग शूज. व्यासाचा काय संबंध? मोजला, 39 सेंमी.

बिडाची_प्लेट: तोच तर संबंध. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंमी असतो, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंमीवर. तुझा साडेएकोणीसवर. 3 सेंमी खालून ओढतोयस, वर बुटाच्या टाचेची उंची वेगळीच, आणि जोर लावताना तो फोम दबतो. प्लेटींखाली दोन्हीकडे 3 सेंमी जाडीचं प्लायवूड घाल. पातळ, सपाट तळव्याचे बूट किंवा डेडलिफ्ट स्लिपर घे. अनवाणी सवय लावू नकोस, स्पर्धेत चालत नाही. प्लेटी एकदा काट्यावरही घाल. बिडाच्या 20 च्या प्लेटवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

सुमोप्रेमी: सरळ सुमोवर ये. बारचं अंतर कमी होतं, कंबरेवर ताण कमी.

बिडाची_प्लेट: 6 आठवड्यांत? सुमोमध्ये जमिनीवरून सुटणं हाच सगळ्यात जड टप्पा. याचं दुखणं नेमकं तिथेच आहे. नितंब आणि मांडीच्या आतल्या स्नायूंना तयार व्हायला महिने लागतात.

सुमोप्रेमी: ज्यांचे नितंब मोकळे असतात त्यांना लागत नाहीत.

तालीम_लालमाती: रोज 300 बैठका आणि 200 जोर मारा, असली अडचण येत नाही. खुराकात बदाम, थंडाई, तूप.

शीतल_बारबेल: बैठकांनी दम वाढेल दादा, पण 180 ला लागते ती एका रेपची, म्हणजे एकाच उचलीची ताकद.
रॅकवाला, बाजूने व्हिडिओ घे. बार हलण्याआधी नितंब वर जातात का? जात असतील तर बार पायाच्या मध्यावर, नडगीपासून 2–3 सेंमीवर ठेव. काखा घट्ट आवळ, बारमधला ढिलेपणा काढ. "टक्" आवाज आल्यावरच पायांनी जमीन ढकल. सरावाला पॉज डेडलिफ्ट: जमिनीपासून 3–5 सेंमीवर 2 सेकंद थांबायचं, कमाल वजनाच्या 65–70 टक्के, 3 रेपचे 4 सेट. आणि 180 किती वेळा करून बघतोस?

रॅकवाला: नितंब आधी जातात, बरोबर. 180 दर शनिवारी लावतो, रात्री 10 ला. सकाळी 6 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 10 जिममध्ये फ्लोअर ट्रेनरची ड्यूटी असते.

शीतल_बारबेल: हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! दहा तास उभं राहून, क्लायंटच्या प्लेटी उचलून झाल्यावर जड डेडलिफ्ट? दुपारच्या सुट्टीत 1 वाजता ओढ. जेवण दीड-दोन तास आधी. दर आठवड्याला मॅक्स (कमाल वजन) लावणं बंद कर. शेवटचं जड ओढणं स्पर्धेच्या 8–10 दिवस आधी, नंतर फक्त हलकं.

सर्टिफाइड_कोच: फ्लोअरवरच राहणार का? पदवी असेल तर सीएससीएसची (स्ट्रेंथ-कंडिशनिंग कोचच्या प्रमाणपत्राची) परीक्षा दे, सोबत सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यावरच्या प्रथमोपचाराचं) प्रमाणपत्र लागतं. वेटलिफ्टिंगकडे कल असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा बघ. फ्लोअरच्या पगारापेक्षा पर्सनल ट्रेनिंगच्या कमिशनमध्ये…

बिडाची_प्लेट: त्याने हे विचारलेलं नाही. वेगळा धागा काढा.

सर्टिफाइड_कोच: पोट त्यावरच चालतं, म्हणून सांगितलं. स्पर्धेतल्या आकड्यावर क्लायंट येत नाहीत.

बिडाची_प्लेट: रॅकवाला, ओपनर (पहिला प्रयत्न) 160 च्या आसपास ठेव, ज्याचे थकलेल्या दिवशीही 3 रेप निघतील. दुसरा प्रयत्न 170. तिसरा दुसऱ्याचा वेग बघून, अडीचच्या पटीत. पुढचं वजन सांगायला 1 मिनिटच मिळतो, आकडे आधीच लिहून ठेव. वर पोचल्यावर "डाउन" ऐकल्याशिवाय खाली आणू नकोस. ग्रिप कोणती?

रॅकवाला: स्ट्रॅप (मनगटाला बांधून बारला गुंडाळायची पट्टी) लावतो. 120 नंतर हात सुटतो.

शीतल_बारबेल: स्पर्धेत स्ट्रॅप बाद! म्हणजे तुझे 175 हिशेबात धरू नकोस, ओपनरही नव्याने ठरव. आजपासून वॉर्मअपचा प्रत्येक सेट स्ट्रॅपशिवाय. मॅग्नेशियमची पावडर लाव, मिक्स ग्रिप (एक तळवा पुढे, एक मागे) घे. तळवा पुढे असलेल्या हाताचा कोपर सरळच ठेव, वाकला तर बायसेप फाटू शकतो. शेवटचा रेप वर 10 सेकंद धरून ठेव. स्ट्रॅपशिवाय 150 चा एक रेप निघतो का ते या आठवड्यात बघून इथे लिही, मग ओपनर ठरवू.