नेतान्याहूच्या चित्रावरून ग्रुपवर राडा : टीका कुठं संपते, ज्यूद्वेष कुठं सुरू होतो?

हॅरोकर :
मंडळी, लंडनच्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर (काढला होता गणपतीसाठी, आता गणपती सोडून सगळं चालतं) गेल्या आठवड्यात जोरदार राडा झाला. एकाने नेतान्याहूचं व्यंगचित्र टाकलं, गाझावरून, रक्त वगैरे. दुसऱ्याने लगेच लिहिलं, हा सरळसरळ ज्यूद्वेष आहे, असलं फॉरवर्ड माझ्या ऑफिसात केलं तर एचआर दुपारपर्यंत बोलावून घेईल. तिसरा म्हणे मग आता पंतप्रधानाचं चित्रपण काढायचं नाही का. शेवटी ॲडमिनने चित्र उडवलं, दोघांना तंबी दिली आणि 'कृपया फक्त ढोल पथकाबद्दल बोला' असा मेसेज पिन केला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही सगळी भीती त्या आयएचआरएच्या (होलोकॉस्टची आठवण जपणारी आंतरराष्ट्रीय संघटना) ज्यूद्वेषाच्या व्याख्येने घातलीय. 2016 ला आली, व्याख्या दोन ओळींची आणि खाली 11 उदाहरणं, त्यातली 7 इस्रायलशी संबंधित! इथल्या लेबर पक्षाने जुलै 2018 मध्ये काही उदाहरणं गाळून आपली नियमावली केली तर एवढा गदारोळ झाला की सप्टेंबरमध्ये निमूटपणे सगळी घ्यावी लागली. त्यातलं एक उदाहरण असं की इस्रायल हे राष्ट्र म्हणजेच वंशवादी खटाटोप आहे असं म्हणणं हा ज्यूद्वेष ठरू शकतो. आता बघा, 1975 साली युनोने झायनिझम (ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं हा विचार) हा वंशवाद आहे असा ठराव केला, 72 विरुद्ध 35, आणि आपण त्या 72 मध्ये होतो. म्हणजे भारत सरकार ज्यूद्वेष्टं होतं का?

आणि शाळेत माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा घोकल्यात ना? तो माँटेग्यू. 1917 ला भारतमंत्री, ब्रिटिश मंत्रिमंडळातला एकटा ज्यू. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंना घर देऊ म्हणणाऱ्या बाल्फोर जाहीरनाम्याला मंत्रिमंडळात सगळ्यात कडाडून विरोध त्यानेच केला, आणि त्या टिपणाला नाव काय दिलं, तर सरकारचा ज्यूद्वेष! त्याचं म्हणणं, एकदा का पॅलेस्टाईन हे ज्यूंचं घर ठरलं की प्रत्येक देश आपापल्या ज्यूला म्हणणार, जा की मग आपल्या घरी. आजच्या व्याख्येत त्यालाच ज्यूद्वेष्टा ठरवतील.

तळेगावकर :
अर्धीच गोष्ट सांगितलीत. 2018 वर थांबलात. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या समता आणि मानवी हक्क आयोगाचा अहवाल आला, त्यात लेबर पक्ष बेकायदा छळ आणि भेदभावाला जबाबदार धरला गेला, आणि तक्रारींच्या निवाड्यात नेत्याच्या ऑफिसातून लुडबूड झाली हेही. आधीचे पक्षनेते कॉर्बिन त्यावर म्हणाले की प्रकरण राजकीय हेतूने फुगवलंय, आणि त्याच दिवशी निलंबित झाले. हे सगळं काय नुसत्या गाझावरच्या टीकेमुळे झालं?

आणि तो 2012 चा लंडनमधला भिंतीवरचा रंगकामाचा किस्सा विसरलात. म्हातारे बँकर लोक टेबलाभोवती बसून डाव खेळतायत आणि टेबल कशावर टेकलंय तर वाकलेल्या गरीब माणसांच्या पाठीवर. ते पुसायला निघाले तेव्हा कॉर्बिनने फेसबुकवर चित्रकाराला विचारलं, का पुसतायत. 2018 ला प्रकरण उकरलं गेलं तर म्हणे चित्र नीट बघितलं नव्हतं. त्यात इस्रायल कुठे होता? ज्यूंच्या टिंगलीचं ते जुनं मोठं नाक होतं, पैसा होता. बास.

पोलंड 1968 वाचा कधीतरी. कम्युनिस्ट सरकारने मोहीम काढली, नाव 'झायनिस्टविरोधी'. ज्यूंविरोधी म्हणायचंच नाही! नोकऱ्या गेल्या आणि तेरा हजारांच्या आसपास लोक देश सोडून गेले. हिटलरमधून जे वाचले होते तेच.

हॅरोकर :
एका भिंतीवरच्या चित्राचं काय घेऊन बसलात राव. माणसाने चाळीस वर्षं वंशवादविरोधात मोर्चे काढले आणि हिशोब कशाचा, तर एका फेसबुक कमेंटचा.

सायली_प :
तळेगावकर, पोलंडचं खरं आहे, पण त्यावरून गाझाबद्दल गप्प बसायचं कसं निघतं ते सांगा. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने साधारण 1200 माणसं मारली, 251 ओलीस नेली, भयानक होतं, त्याबद्दल किंतु परंतु नाही. त्यानंतर गाझात हजारोंच्या पटीत माणसं मेली आणि त्यात किती लहान मुलं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नेतान्याहूवर वॉरंट काढलं, तर त्याचं पहिलं उत्तर काय होतं? हा ज्यूद्वेषी निर्णय आहे. म्हणजे शब्द ढालीसारखा वापरायचा. उद्या खरंच कोणी देवळावर, म्हणजे त्यांच्या सिनेगॉगवर दगड मारला तर लोक म्हणतील हे नेहमीचंच रडगाणं.

त्या व्याख्येचा मूळ मसुदा लिहिण्यात ज्याचा मोठा वाटा तो केनेथ स्टर्न स्वतः सांगत फिरतोय की ही आकडेवारी गोळा करायला केली होती, कॉलेजात कोण काय बोललं त्याला शिक्षा करायला नाही. 2021 ला दोनेकशे अभ्यासकांनी वैतागून वेगळा जेरुसलेम जाहीरनामा काढला, त्यात ज्यू अभ्यासकच कितीतरी.

अजून एक. त्या 11 मध्ये एक उदाहरण आहे इस्रायलच्या धोरणाची नाझींशी तुलना. डिसेंबर 1948 मध्ये आइनस्टाइन आणि हाना आरेंट यांच्या सहीचं पत्र न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलं, त्यात बेगिनच्या (पुढे इस्रायलचा पंतप्रधान झाला तो) पक्षाला नाझी आणि फॅसिस्ट पक्षांच्या पंगतीत बसवलंय. करा आइनस्टाइनला निलंबित.

तळेगावकर :
ते पत्र एका पक्षाबद्दल होतं, देशाबद्दल नाही. माझा वाद टीकेशी नाहीच, इस्रायलमध्येच 2023 ला न्यायालयाच्या मुद्द्यावरून महिनोन्महिने लाखांचे मोर्चे निघत होते, त्यांना कोण ज्यूद्वेष्टं म्हणालं? प्रश्न 'हा देशच नको' या भाषेचा आहे. माँटेग्यूने विरोध केला तेव्हा देश नव्हता. लग्न ठरताना मोडता घालणं वेगळं, आणि चार पिढ्यांनंतर नातवंडांच्या दारात जाऊन तुमच्या आजी-आजोबांचं लग्नच बेकायदा होतं म्हणणं वेगळं. सत्तरेक लाख ज्यू राहतात तिथे. कुठे जायचं त्यांनी?

सायली_प :
लग्नाचा दाखला छान, फक्त मांडव ज्यांच्या घरात घातला त्यांचा विसर पडला. 1948 ला सातेक लाख पॅलेस्टिनी लोक घरं सोडून गेले आणि परत येऊ दिलं नाही. त्यांच्या नातवाने म्हटलं की मला हे राष्ट्र अन्यायाचं वाटतं तर तो ज्यूंचा द्वेष करतोय की आपलं घर मागतोय? इस्रायलच्या 2018 च्या कायद्यात तर लिहूनच टाकलंय की तिथे राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यूंचा. पाचातला एक नागरिक अरब आहे तिथे. आपल्याकडे हिंदुराष्ट्र नको म्हणणारा हिंदूद्वेष्टा होतो का?

पेठेतला_पक्या :
टीव्हीवर तरी होतो 😄
(पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या)

तळेगावकर :
नाही होत, मान्य. पण एक गंमत बघा, धर्माच्या नावावर झालेले देश बरेच आहेत. पाकिस्तान आपल्या शेजारीच. जगातल्या कॉलेजांमधून पाकिस्तान हा देश असूच नये म्हणून तंबू ठोकलेले पाहिलेत?

गोट्या_नाशिक :
कॉलेजात नाही, आमच्या चौकातल्या टपरीवर रोज. आणि बोलणाऱ्यातले निम्मे पाकिस्तानबद्दल बोलत नसतात, गल्लीतल्या मुसलमानाबद्दल बोलत असतात, हे ऐकणाऱ्यालाही कळतं आणि बोलणाऱ्यालाही. मला वाटतं इस्रायलचंही असंच असणार, वाक्य तेच, कोण कोणासमोर कुठल्या सुरात म्हणतोय त्यावर.

भगवा_वादळ :
भारताने इस्रायलकडून शिकावं. सावरकरांनी 1947 लाच ज्यू राष्ट्राला पाठिंबा दिला होता, तेव्हा नेहरू सरकारने युनोत पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या विरोधात मत दिलं. ज्यू आणि हिंदू नैसर्गिक मित्र. ठोकून काढा एकदाचं.

गोट्या_नाशिक :
मित्र म्हणे. 2006 ला खारघरला हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं होतं, स्वस्तिक आणि फोटोसकट, मुंबईच्या ज्यू लोकांनी आवाज उठवल्यावर नाव बदललं. मालकाला वाईट हेतू नव्हता म्हणे, लक्षात राहणारं नाव हवं होतं. फूटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मिळतं अजून. आपल्याकडे हिटलर म्हणजे कडक मास्तर. ही आपली मैत्री.

शनवार_तेली :
नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. मी इस्रायलमध्ये लोदला राहतो, जन्म ठाण्याचा, घराणं मूळ पेण-अलिबागकडचं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

सायलीताई, इस्रायल सरकारवर टीका कशी करायची हे आमच्या घरात कोणी शिकवायला नको. साठच्या दशकात इथल्या मुख्य रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) आमच्या लोकांची लग्नं लावताना आधी आई, आजी, पणजी खरी ज्यू होती का ते तपासायचं फर्मान काढलं. 1964 ला आमची माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, माझे आजोबा होते त्यात, शेवटी संसदेला सांगावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत. आजोबा मरेपर्यंत मराठीतून शिव्या द्यायचे त्या रब्बींना. म्हणून कोणी त्यांना ज्यूद्वेष्टं म्हटलं नाही.

पण दुसरं ऐका. माझी आत्या ठाण्यालाच राहिली. वय 74, हिब्रू फक्त प्रार्थनेपुरती, इस्रायलला आयुष्यात दोनदा आली तेही लग्नांना, आणि इथला डिसेंबर तिला सोसत नाही. 2023 च्या दिवाळीत नेहमीचा भाजीवाला तिला म्हणाला, काय मावशी, तुमच्या लोकांनी काय चालवलंय, पोरं मारतायत. ती मेथी तशीच ठेवून घरी आली. आणि जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले ते म्हणाले, अभिनंदन, तुमच्या लोकांनी बरोबर धडा शिकवला! आत्याने मला फोनवर विचारलं, अरे मी कधी कुणाला मारलं रे? तिला भाजीवाल्यापेक्षा काकांचा राग जास्त आला होता, हे वादळसाहेबांसाठी सांगतो. सगळ्या ज्यूंना इस्रायलच्या करणीबद्दल जबाबदार धरणं हेपण त्या इस्रायलवाल्या 7 मधलंच एक उदाहरण आहे. ते तरी गाळू नका एवढंच म्हणतो, बाकी 6 वर भांडा खुशाल.

मुंबईत 2008 च्या हल्ल्यात नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात जे सहा जण मेले त्यांना मारणाऱ्यांनी त्यांचं नेतान्याहूबद्दल मत विचारलं नव्हतं.

हॅरोकर, एक राहिलं. त्या चित्रात नक्की काय होतं? 'रक्त वगैरे' म्हणजे काय? हाताला रक्त होतं का?

हॅरोकर :
तुमच्या आत्याबाईंचं वाचून वाईट वाटलं, खरंच. माँटेग्यूला हीच तर भीती होती, म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध होतो एका अर्थी.
चित्राचं, हो हाताला रक्तच होतं बहुतेक. राजकारण्यांच्या हाताला रक्त सगळेच दाखवतात, पुतिनला, बुशला. त्यात काय.

तळेगावकर :
बहुतेक?

शनवार_तेली :
हाताला असेल तर माझी काही हरकत नाही. विचारतो कारण तुम्ही राहता त्याच देशात 1144 ला नॉर्विचमध्ये एक पोरगा मेलेला सापडला आणि खून ज्यूंवर घातला गेला, त्यातून पुढे ज्यू लोक ख्रिस्ती मुलांचं रक्त वापरतात ही कहाणी युरोपभर गेली. दीडशे वर्षांत, 1290 ला, राजाने सगळ्या ज्यूंना हाकलून दिलं. हाताला रक्त म्हणजे खुनी. तोंडाला रक्त म्हणजे ती जुनी कहाणी. काढणाऱ्याला कदाचित माहीतही नसेल.

सायली_प :
हे मान्य. मोर्च्यात असले बोर्ड दिसले की आम्हीच खाली ठेवायला सांगतो, निदान मी तरी सांगते. पण शनवार_तेली, व्याख्येची बाकीची 6 उदाहरणं कायद्यासारखी वापरतात त्याला माझा विरोध आहे तो आहेच, आणि वॉरंटलाही ज्यूद्वेष म्हणणाऱ्या पंतप्रधानाने तुमच्या आत्याचं काम जास्त अवघड केलंय असं मला वाटतं.

शनवार_तेली :
त्यावर माझ्या बायकोचं आणि माझंही जमत नाही. ती तुमच्या बाजूची. आमचा मुलगा राखीव सैन्यात आहे, त्यामुळे घरात हा विषय जेवताना काढायचा नाही असं ठरलंय.

हॅरोकर :
ग्रुपवरच्या एकाच्या फोनमध्ये चित्र डाऊनलोड झालेलं होतं, मागवून घेतलं. मोठं करून बघितलं.

हाताला नाहीये. हातात पेला आहे, आणि हनुवटीवर ओघळ. पेल्यावर देशाचा झेंडा नाही, नुसता ज्यूंचा सहा टोकांचा तारा. नाक मुळात आहे त्याच्या तिप्पट. मागे पाळण्यांची रांग.

व्याख्येबद्दल माझं मत बदललेलं नाही, ती कायद्यात येऊ नये असंच म्हणेन, आणि गाझाबद्दल बोलणार, ॲडमिन काहीही पिन करो. पण ग्रुपवर आलं होतं तेव्हा मी ट्रेनमध्ये होतो, आणि खाली पहिला अंगठा माझाच आहे.