विषय: एचआयव्ही निधी – रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बंदरांसाठी

सप्रेम नमस्कार मंडळी,
परदेशातल्या आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात जमलेला निधी एचआयव्हीवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला द्यायचा आणि तो कोकणातल्या बंदरांवर खर्च व्हावा, असं बैठकीत ठरलं. औषधं आणि तपासणी शिबिर अशा दोन सूचना आल्यात. जाणकारांनी लिहावं.
– चिटणीस

चिटणीससाहेब,
औषधांवर पैसे घालू नका. महाराष्ट्रात २००४ पासून सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात ती फुकट मिळतात. मिरकरवाडा, हर्णै किंवा देवगडच्या खलाशाला केंद्र गाठायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. पैसा तिथे द्या.

जेटीवर बॅनर लावून शिबिर तर नकोच. रांगेत कोण होतं ते संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता दोन्ही बंधनकारक आहेत.

वेळही बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, खलाशी गावी जातात, काही थेट नेपाळला. मे अखेर तपासणी केली तर पॉझिटिव्ह निघालेला माणूस हातचा जातो. पहिली तपासणी ऑगस्टमध्ये, दुसरी नोव्हेंबरात घ्यावी. नवी लागण पहिल्या चाचणीत निसटू शकते. एका किटवर रिअॅक्टिव्ह आला म्हणजे निदान झालं नाही, आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात) तीन वेगवेगळ्या किटवर खात्री करतात.

कार्यकर्त्यांना हेही शिकवलेलं हवं: टीएलडी (एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी) रोज एक. गोळ्या मूळ बाटलीतच, आतली सिलिकाची पुडी न काढता. खाऱ्या दमट हवेत कागदाच्या पुडीत नेऊ नयेत. बोटीवर ॲसिडिटीच्या गोळ्या सर्रास चघळतात. टीएलडी त्याआधी २ तास किंवा नंतर ६ तासांनी घ्यावी, नाहीतर त्यातलं डोल्युटेग्रावीर अंगी लागत नाही. कॅल्शियम-लोहाचंही तेच. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर १२ तासांनी डोल्युटेग्रावीर ५० मिग्रॅची जादा गोळी लागते; ती केंद्रातूनच घ्यायची.
– एक समुपदेशक, मूळ देवगड

ताईंचं पटलं. आता पैशाचं.
मंडळ परदेशात नोंदलेलं, म्हणून कायद्याने आपण परकीय स्रोत. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परकीय देणगी घेण्याची सरकारी परवानगी) हवी आणि रक्कम तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हायला हवी. २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे दिल्लीच्या संस्थेला देऊन तिने तो रत्नागिरीच्या छोट्या संस्थेला द्यावा, हे बसत नाही; तिची स्वतःची माणसं बंदरावर असली पाहिजेत. प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा कार्यकर्त्यांचं मानधन कुठल्या सदरात धरतात ते आधीच लेखी विचारा.
भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरत नाहीत, ओसीआयवाल्यांची (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची) धरतात. दोन याद्या वेगळ्या ठेवा.
– खजिनदार

खजिनदारसाहेब, करारात एक ओळ घाला. किती जणांना तपासलं यावर अहवाल थांबवू नये. उपचार सुरू झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती जण औषधावर टिकले आणि किती जणांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबला, हे दोन आकडे नावांशिवाय मागायचे. गावी गेलेल्यांची तिथल्या केंद्रात ट्रान्स्फर झाली की नाही, तेही त्यातच येऊ दे.
– समुपदेशक